भिक्खू ह्युएन त्संग : सोळा वर्षं चाललेला माणूस



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात एक चरित्र लिहा, असं मंडळानं मला सांगितलं. मी पेपर मिलमध्ये पाळीवर काम करणारा माणूस. शाळा थोडी झाली, बाकी जे काही शिकलो ते वाचनालयात बसून. तथागतांचं, सम्राट अशोकाचं आणि बाबासाहेबांचं चरित्र आपल्या घरोघरी आहे. म्हणून मी असा माणूस निवडला की ज्याचं नाव आपल्या पोरांना शाळेच्या पुस्तकात फक्त एका ओळीत भेटते. भद्रावतीला विजासनच्या लेण्या पाहायला गेलं की कोणीतरी हमखास सांगते, इथं ह्युएन त्संग येऊन गेला. आला की नाही ते शेवटी पाहू. आधी हा माणूस कोण होता ते पाहू.

लहानपण आणि शंका

ह्युएन त्संग यांचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास चीनमध्ये लोयांग शहराजवळ झाला. घराणं चेन, चार भावांत हे धाकटे. वडील लवकर वारले. मोठा भाऊ आधीच भिक्खू झाला होता, त्यानं या लहानग्याला आपल्यासोबत विहारात नेलं. तेरा वर्षांचे असताना श्रामणेर निवडण्यासाठी सरकारी अधिकारी आला. वय कमी म्हणून यांचं नाव यादीत नव्हतं, तरी दाराशी उभे राहिले. अधिकाऱ्यानं दोन प्रश्न विचारले आणि पोराची समज पाहून त्याला आत घेतलं.

पुढं राज्य कोसळलं, लढाया झाल्या, दुष्काळ पडला. दोघे भाऊ पायी निघून दुसऱ्या प्रांतात गेले. विसाव्या वर्षी उपसंपदा झाली. मोठमोठ्या आचार्यांकडे शिकता शिकता यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. एकाच ग्रंथाची दोन भाषांतरं दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. एक आचार्य एक अर्थ लावतो, दुसरा त्याच्या उलट. मग खरं काय? दुसरा कोणी असता तर गुरूंनी सांगितलं ते खरं मानून गप बसला असता. यांनी ठरवलं, मूळ ग्रंथ जिथले आहेत तिथंच जायचं, ती भाषा शिकायची आणि स्वतः वाचायचं.

बादशहाचा हुकूम मोडला

त्या वेळी देश सोडून जायला सक्त मनाई होती. यांनी परवानगी मागितली, ती मिळाली नाही. तरी इ. स. ६२९ च्या सुमारास (काही अभ्यासक ६२७ म्हणतात) ते निघाले. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. सरहद्दीजवळच्या गावात त्यांना पकडायचा हुकूम येऊन पोचला. तिथला अधिकारी श्रद्धावान निघाला. त्यानं तो कागद त्यांच्या समोर फाडला आणि लवकर निघून जा म्हणून सांगितलं.

सोबतीला एक वाटाड्या घेतला. रात्री तोच तलवार उपसून जवळ आला. ह्युएन त्संग उठून ध्यानाला बसले, तसा तो मागे फिरला. दुसऱ्या दिवशी त्याला सोडून दिलं. आता सोबत होता फक्त एक म्हातारा, रोडका, तांबडा घोडा. एका म्हाताऱ्या प्रवाशानं दिला होता. हा घोडा ती वाट कितीतरी वेळा चालला आहे, असं तो म्हातारा म्हणाला होता.

पुढं पहाऱ्याचे बुरूज होते. पाणी भरताना बुरुजावरून बाण आला, गुडघ्याला लागता लागता राहिला. तिथून सुटले ते वाळवंटात शिरले. पाणी प्यायला मशक उचलली अन् ती हातातून निसटली! सगळं पाणी वाळूत गेलं. माणूसच तो, घोडा मागे वळवला. थोडी वाट चालल्यावर मनात आलं की पश्चिमेला पोचल्याशिवाय परतायचं नाही असं आपण ठरवलं होतं. पुन्हा तोंड फिरवलं. चार रात्री, पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी तो म्हातारा घोडाच एकदम वाट सोडून दुसरीकडे चालू लागला. ओढूनही ऐकेना. पुढं हिरवं गवत आणि पाण्याचा डोह होता.

राजाचा लोभ

वाळवंटापलीकडे तुर्फानच्या राजानं त्यांचं मोठं स्वागत केलं. इतकं की त्यांना जाऊच देईना. इथंच राहा, माझ्या प्रजेचे गुरू व्हा, नाहीतर तुम्हाला चीनला परत पाठवतो, असा धाक घातला. ह्युएन त्संग यांनी अन्नपाणी सोडलं. तीन दिवस काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी राजा घाबरला आणि त्यानं माफी मागितली. परतताना तीन वर्षं इथं राहायचं, एवढा शब्द त्यांच्याकडून घेतला. मग त्यानं घोडे, माणसं, कपडे आणि वाटेतल्या राजांना द्यायला चोवीस पत्रं दिली.

पुढं बर्फाच्या डोंगरात सोबतची कितीतरी माणसं गारठून मेली. समरकंद झालं, मग बामियान आलं. तिथं डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती त्यांनी पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. त्याच मूर्ती मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून फोडल्या गेल्या. दगड गेला, लिहिलेलं राहिलं.

गंगेवरचे चोर आणि नालंदा

काश्मिरात दोन वर्षं राहून ते शिकले. पुढं अयोध्येहून नावेनं जाताना गंगेवर चोरांनी गाठलं. हे चोर देवीचे भक्त होते आणि दरसाल एका देखण्या माणसाचा बळी देत. त्यांची नजर नेमकी या गोऱ्या, उंच भिक्खूवर गेली. ह्युएन त्संग यांनी थोडा वेळ मागून घेतला आणि शांत चित्तानं ध्यानाला बसले. त्यांच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे की तेवढ्यात मोठं वादळ उठलं, झाडं मोडली, नावा उलटल्या, चोर भ्याले आणि पाया पडले. वादळ हा योगायोग समजा. पण मरण समोर असताना मन ढळू दिलं नाही, ही गोष्ट त्यांची स्वतःची.

बोधगयेला बोधिवृक्षापुढं ते ढसाढसा रडले. तथागत होते तेव्हा आपण कुठं होतो, याचं त्यांना दुःख झालं. नंतर नालंदा. हजारो भिक्खू, रोज शेकडा प्रवचनं, खर्चासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलेलं. दारावरचा पंडितच प्रश्न विचारायचा आणि बहुतेक जण तिथूनच परत जायचे. कुलगुरू वृद्ध शीलभद्र यांनी स्वतः त्यांना योगाचारभूमी शास्त्र शिकवलं, ते पंधरा महिने चाललं. चीनहून निघाले होते ते याच ग्रंथासाठी!

आपल्या बाजूला

इ. स. ६३९ च्या सुमारास ते कलिंगाहून वायव्येला जंगल आणि डोंगर तुडवत १८०० ली (हे चिनी माप) चालून कोसल देशात आले. हे अयोध्येकडचं कोसल नव्हे, दक्षिण कोसल. चारी बाजूंनी डोंगर, एकाला लागून एक जंगल, माती कसदार, माणसं उंच आणि काळी, राजा बुद्धाला मानणारा, शंभरावर संघाराम आणि दहा हजारांच्या आतबाहेर भिक्खू, असं वर्णन त्यांनी केलं आहे.

इथलीच एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली. आचार्य नागार्जुनांना भेटायला देव नावाचा तरुण आला. नागार्जुनांनी काही न बोलता काठोकाठ पाणी भरलेलं भिक्षापात्र बाहेर पाठवलं. देवानं त्यात एक सुई टाकली अन् पात्र परत दिलं. पाण्यासारखं माझं ज्ञान भरलेलं आहे, असं गुरूचं म्हणणं. मी सुईसारखा तळाला जाईन, असं शिष्याचं उत्तर. त्याला लगेच आत बोलावलं.

पुढं आंध्र, अमरावतीचा भाग, कांची असं करत ते महाराष्ट्रात आले. तेव्हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. उत्तरेच्या सम्राट हर्षालाही तो वाकला नव्हता. इथली माणसं साधी पण मानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमान सहन करत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला सांगून घेतात. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बाईचे कपडे देतात. अशा बारीकसारीक गोष्टी त्यांनी टिपल्या. पूर्वेच्या डोंगरातल्या एका कोरीव संघारामाचं आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचं वर्णनही केलं. ते अजिंठ्याचं, असं अभ्यासक मानतात.

परतीची वाट

सम्राट हर्षानं कनौजला त्यांच्यासाठी मोठी परिषद भरवली. अठरा दिवस त्यांच्याविरुद्ध बोलायला कोणी उभं राहिलं नाही. मात्र या भिक्खूला इजा करील त्याचं मुंडकं आणि वाईट बोलेल त्याची जीभ कापू, असा हर्षाचा हुकूम होता, हेही त्याच चरित्रात आहे. धाकानं गप बसलेल्या सभेला विजय म्हणता येत नाही. त्यांची खरी परीक्षा नालंदाच्या मोकळ्या वादसभांत झाली आणि तिथं ते उतरले होते.

परतताना सिंधू नदी ओलांडताना वादळानं नाव हेलकावली. पन्नास पोथ्या आणि भारतातून घेतलेलं फुलांचं बियाणं वाहून गेलं. पोथ्या पुन्हा नकलून आणण्यासाठी ते मुक्काम करून थांबले. तुर्फानच्या राजाला दिलेला शब्दही मनात होता. पण वाटेत कळलं की तो राजा मेला आणि त्याचं राज्य ६४० साली चीननं जिंकलं.

इ. स. ६४५ मध्ये ते चांगआन राजधानीत पोचले. चोरून निघालेल्या माणसाला पाहायला रस्त्यांवर मावेना एवढी गर्दी झाली. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. बादशहानं मंत्रीपद देऊ केलं, ते यांनी नाकारलं. बादशहाच्या इच्छेप्रमाणं ६४६ मध्ये प्रवासाचं पुस्तक पुरं केलं आणि उरलेलं आयुष्य भाषांतराला दिलं. एकोणीस वर्षांत ७५ ग्रंथांचे १३३५ खंड चिनी भाषेत उतरवले. पोथ्या ठेवायला ६५२ मध्ये मनोरा बांधला, तेव्हा स्वतः विटा वाहिल्या. हरवलेल्या पोथ्या ते विसरले नाहीत. सिंधूत गेलेल्या ग्रंथांची यादी करून ६५४ मध्ये भारतातल्या भिक्खूंना पत्र लिहिलं, जमलं तर पाठवा म्हणून.

महाप्रज्ञापारमिता हा ग्रंथ फार मोठा. त्यात तेच तेच पुन्हा येते, तेव्हा थोडं गाळा, असं शिष्य म्हणाले. त्यांनी होकार दिला, पण रात्री भयंकर स्वप्नं पडू लागली. सकाळी उठून सांगितलं, काही गाळायचं नाही. ६६० ते ६६३ अशी वर्षं लावून सगळे सहाशे खंड पुरे केले. पुढच्याच वर्षी, ६६४ च्या फेब्रुवारीत, त्यांनी देह ठेवला.

बाराशे वर्षांनंतर

आता खरी नवलाची गोष्ट ऐका. आपल्या देशात विहार पडले, भिक्खू गेले, ताडपत्रं जळाली. श्रावस्ती कुठं, नालंदा कुठं, कुशिनारा कुठं हे इथल्या माणसांना सांगता येईनासं झालं. बुद्धाच्या मूर्तीला लोक भलत्याच नावानं पुजू लागले. तिकडे चीनमध्ये यांचं पुस्तक कागदावर पिढ्यानपिढ्या नकललं गेलं. गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूचा लगदा आणि लगद्याचा कागद होताना मी अर्धं आयुष्य पाहिला आहे. इतकी नाजूक वस्तू, पाण्यानं विरघळते, आगीनं जळते. पण तिनं दगडापेक्षा जास्त टिकाव धरला.

१८५० च्या दशकात त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर झालं. ते हाती धरून अलेक्झांडर कनिंगहॅम १८६१ पासून उत्तर भारत फिरले. या गावाहून त्या दिशेला इतके ली, असं मोजत गेले. बडगाव म्हणजे नालंदा, सहेत-महेत म्हणजे श्रावस्ती, कसया म्हणजे कुशिनारा, अशी ओळख पटली. आज आपली माणसं गाडी करून तिथं धम्मसहलीला जातात, त्यामागे त्या भिक्खूची पावलं आहेत.

आणि भद्रावती? दक्षिण कोसलच्या राजधानीसाठी कनिंगहॅम यांनी चांद्याचं नाव पुढं आणलं. फर्ग्युसन या दुसऱ्या विद्वानानं वैरागड किंवा भांदक म्हटलं. तिथूनच ही गोष्ट आपल्याकडे रुजली. पण पुढं छत्तीसगडमध्ये सिरपूरला खोदकाम झालं, मोठमोठे विहार निघाले आणि आज बहुतेक अभ्यासक राजधानी सिरपूरच मानतात. काही लोकांना हे ऐकून वाईट वाटेल. वाटू नये. विजासनच्या डोंगरात आत कोरत नेलेल्या लेण्या आणि तिथल्या बुद्धमूर्ती कोणाच्या पाहुणचारावर अवलंबून नाहीत. इथं भिक्खू राहत होते याचा तो दगडी पुरावा आहे. दोन भाषांतरं जुळत नाहीत म्हणून जो माणूस सोळा वर्षं फिरला, त्याच्या नावानं न तपासलेली गोष्ट सांगणं त्यालाच आवडलं नसतं. तेव्हा लेकरांना लेण्या दाखवताना एवढंच सांगा की ते आले असं काही विद्वानांचं मत होतं, आज बहुतेकांचं तसं नाही.

माझी प्रत्येक घराला एक विनंती आहे. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेली आपली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. कोणत्या गावाहून आले, बैलबंडीनं की पायी, सोबत कोण होतं, काय शिदोरी बांधली होती, हे त्यांच्याजवळ बसून एका वहीत लिहून काढा. तारीख घाला, गावाचं नाव घाला. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून आणि जे ऐकलं ते ऐकलं म्हणून लिहा. दोन प्रती करा, एक घरी ठेवा आणि एक विहाराच्या कपाटात द्या. आपला इतिहास पुन्हा परदेशातून शोधून आणायची वेळ आपल्या नातवंडांवर येऊ नये.

नमो बुद्धाय ! जयभीम !