पात्याची दुसरी बिजागरी

चेतक हेलिकॉप्टर जवळून पाहताना माझे लक्ष पात्यांच्या मुळाशी असलेल्या बिजागऱ्यांकडे गेले. त्या प्रत्यक्ष उडवून दाखवल्या हुआन दे ला सिएर्वा यांनी.

त्यांचा जन्म १८९५ मध्ये स्पेनमधील मुर्सिया येथे झाला. वडील मंत्री, मुलाला वेड विमानांचे. १९१९ मध्ये त्यांनी बांधलेले तीन इंजिनांचे विमान कमी उंचीवर वेग गमावून कोसळले. वेग गेला तरी पडणार नाही असे यान हवे, या ध्यासातून ऑटोजायरो जन्मले. त्यात इंजिन पुढचा पंखा फिरवते. डोक्यावरची पाती वाऱ्यानेच फिरतात. सुरुवातीला यान एका बाजूला कलंडत असे. बिजागरीमुळे पाती वरखाली हलू लागली, तेव्हा १९२३ मध्ये ते नीट उडाले.

पण फेब्रुवारी १९२७ मध्ये, इंग्लंडमधील हॅम्बल येथे, उडत्या ऑटोजायरोचे पाते मुळातून तुटले. वैमानिक फ्रँक कोर्टनी जखमी झाले, पण वाचले. पाते वरखाली होई, मात्र पुढेमागे सरकायला त्याला वाव नव्हता. प्रत्येक फेरीत मुळावर ताण येत राहिला. दोष सिएर्वांच्याच आराखड्यात होता. त्यांनी दुसरी बिजागरी बसवली. स्वतः उड्डाणही शिकले (मला हे सर्वांत आवडते!) आणि १८ सप्टेंबर १९२८ रोजी एका प्रवाशाला घेऊन, इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिस गाठले.

९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून धुक्यात निघालेले प्रवासी विमान घरावर आदळले. त्यात ते गेले. वय अवघे ४१. ते विमान साधे, स्थिर पंखांचे होते.