टाळाच्या ठेक्यावर अक्षर आणि हिशोब : गाडगेबाबांची कीर्तनशाळा कशी चालायची?

पाढे चालीवर म्हटले की लवकर पाठ होतात आणि कविता गाऊन शिकवली की मुलांच्या तोंडी बसते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. वऱ्हाडात हीच युक्ती शाळेच्या भिंतींबाहेर, गावोगावच्या गर्दीसमोर वापरली ती कधीही शाळेत न गेलेल्या एका माणसाने. संत गाडगेबाबांना आपण खराट्यामुळे आणि स्वच्छतेमुळे ओळखतो. पण त्यांचे कीर्तन हा वाचनाचे महत्त्व, कर्जाचा हिशोब आणि विज्ञाननिष्ठ विचार शिकवणारा वर्गच होता.

गाडगेबाबांचे बालपण कुठे गेले?

बाबांचे मूळ नाव देबुजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात, परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या आहारी गेले आणि देबू लहान असतानाच वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे देबूने गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड पाहिले नाही. पण भजनाचा नाद तिथेच लागला. गुराख्यांच्या आणि गावकऱ्यांच्या संगतीत टाळ वाजवताना संतांचे अभंग कानावर पडून पाठ झाले. पुढे कीर्तनात तुकोबांचे अभंग आणि कबिरांचे दोहे ते सहज म्हणत. वाचता न येणाऱ्या माणसाच्या डोक्यात एवढे साहित्य साठले ते चाल आणि ठेका यांच्या जोरावर.

अक्षराची किंमत कधी कळली?

ती कळली मामाच्या शेतावर. चरित्रकार सांगतात त्यानुसार मामा चंद्रभान यांनी सावकाराकडून कर्ज घेतले होते. पैसे दिले किती, फिटले किती, वहीत मांडले काय, हे तपासण्याची सोय घरात कुणाकडेच नव्हती. कागदावर अंगठा उमटला आणि जमीन हातची जाण्याची वेळ आली. मामांनी या धक्क्याने अंथरूण धरले आणि ते त्यातून उठले नाहीत. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण देबू नांगर सोडून हलला नाही, असे सांगितले जाते. मात्र मनगटाच्या बळावर एखादे वेळी शेत राखता येते, कागद वाचता येत नाही, हा धडा त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि सोबत फुटके मडके. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यांचे कीर्तन वेगळे कसे होते?

नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. वारकरी कीर्तनात एका अभंगाचे निरूपण होते. बाबांनी दोन्ही चौकटी सैल केल्या. गोपाळाच्या नावाचा गजर सुरू व्हायचा, सगळा जमाव टाळ्यांच्या ठेक्यावर तो उचलायचा. गजर थांबला की बाबा वऱ्हाडी बोलीत एक साधा प्रश्न टाकायचे. उत्तर एका सुरात यायचे. त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. चार-पाच प्रश्नांत ऐकणारा आपल्याच उत्तरांनी कोंडीत सापडायचा आणि मग पुन्हा गजर.

शिक्षणाच्या भाषेत पाहिले तर यात तीन गोष्टी साधत. गजरामुळे दमलेल्या, दिवसभर राबलेल्या माणसाचे लक्ष परत यायचे. एकत्र उत्तर दिल्याने चुकण्याची लाज वाटत नसे. आणि मुद्दा पुन:पुन्हा आल्याने तो लिहून न घेताही घरी जायचा. जुन्या शाळांत पावकी-निमकी सगळ्या वर्गाने सुरात म्हणण्यामागे हेच तत्त्व होते.

यात गणित कुठे आले?

लग्न, बारसे, तेरावे, यात्रा यासाठी कर्ज काढू नका, हा बाबांच्या कीर्तनातला पक्का धडा. त्यामागचे गणित आजही करून पाहता येते. समजा १०० रुपये शेकडा दरमहा २ रुपये व्याजाने घेतले. वर्षाचे व्याज २४ रुपये. ते न देता दरसाल मुद्दलात मिळवत गेले, तर तीन वर्षांत कर्ज १९० रुपयांवर जाते, म्हणजे जवळपास दुप्पट. पाढे न येणाऱ्या शेतकऱ्याला हे कळेपर्यंत शेत गेलेले असायचे. बाबांनी स्वतःच्या घरीही हा धडा पाळला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न देता त्यांनी गोड जेवण दिले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला.

आणि विज्ञान?

इथे प्रात्यक्षिक आधी आणि धडा नंतर असे. गावात शिरताच बाबा खराटा घेऊन रस्ते झाडायला लागत, गटारे साफ करत. लोकही हळूहळू हाताशी येत. रात्री त्याच साफ केलेल्या जागेवर कीर्तन होई. नवस, बोकडाचा बळी, अंगारे-धुपारे, शिवाशीव या प्रत्येकावर ते कारण विचारत. मुकी जनावरे कापून देव पावतो का, दगडाच्या मूर्तीला स्वतःचे रक्षण करता येते का, अशा प्रश्नांची उत्तरे लोकांनाच द्यावी लागत. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे पौषात यात्रा भरते. तिथे यात्रेकरूंना चिखलातून नदीत उतरावे लागे. बाबांनी लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून घाट बांधून घेतला. पुण्याच्या गप्पांपेक्षा पाय घसरू न देणारी पायरी महत्त्वाची, हे त्यांनी बांधकामातून शिकवले.

केवळ गाण्याने मुले शिकली का?

नाही, आणि बाबांना ते पुरते माहीत होते. समोर बसलेला मोठा माणूस कीर्तन ऐकून साक्षर होणार नव्हता. त्यामुळे कीर्तनाचा खरा रोख घरी झोपलेल्या मुलाकडे असे. जेवणाचे ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, या आशयाचा त्यांचा आग्रह महाराष्ट्रभर पोहोचला. शिक्षणाने माणूस कुठे पोहोचतो हे सांगताना ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण देत.

ठेक्याने मन वळवले तरी शिकायला छप्पर लागते. म्हणून देणग्यांचा पैसा स्वतःसाठी न ठेवता तो धर्मशाळा, वसतिगृहे आणि शाळांकडे वळवला गेला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव दिले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या गाडगे महाराज मिशनने पुढे आश्रमशाळा चालवल्या.

शेवट कसा झाला?

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. थकलेल्या आवाजातही प्रश्न, एकसुरी उत्तर आणि गजर हा क्रम त्यात स्पष्ट ऐकू येतो. ६ डिसेंबरला आंबेडकर गेले आणि दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलावर प्रवासातच बाबांनी देह ठेवला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

१९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ आज त्यांचे नाव लावते. अमरावती, अकोल्यासह पश्चिम विदर्भातल्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर ते नाव छापलेले असते. ज्या घरात एकेकाळी कागद वाचता न आल्याने शेत गमावण्याची पाळी आली, त्या घरातल्या माणसाचे नाव वाचत आज वऱ्हाडातली मुले पदवी हातात घेतात.