कुडाची झोपडी आणि अण्णा

आपल्या हिंगण्याच्या आवारातल्या मोठमोठ्या इमारतींवर या स्मरणिकेत इतरजणी लिहितीलच. मी लिहिते ती कुडाच्या झोपडीवर. म्हणजे ओघाने धोंडो केशव कर्वे यांच्यावर, आपल्या अण्णांवर.

अण्णा मूळचे कोकणातल्या मुरुडचे, जन्म 1858 चा. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठवले गेले, ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. 1891 मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. याच आपल्या बाया. मुरुडकरांनी वाळीत टाकले.

1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम निघाला. पुढे प्लेगचे दिवस आले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि 750 रुपये दिले. 1900 मध्ये ही झोपडी उभी राहिली. तेव्हा हा भाग म्हणजे गावाबाहेरचे माळरान. कॉलेजातले तास आटोपले की अण्णा शहरातून चालत इकडे यायचे. पावसाळ्यात तर सगळी वाट चिखलाची.

एक गोष्ट मला आजही खुपते. स्वतः पुनर्विवाह केलेल्या अण्णांनी आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार कटाक्षाने टाळला. बायांचे बिऱ्हाडही सुरुवातीला शहरातच राहिले. सनातनी घरांनी विश्वासाने मुली पाठवाव्यात, तर हे सोसावे लागणार, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर ठरला, मुली आल्या. पण त्याची किंमत बायांनी मोजली. त्यांचे ‘माझे पुराण’ ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे: 1916 मध्ये पाच विद्यार्थिनींचे महिला विद्यापीठ, मग ठाकरसींची 15 लाखांची देणगी, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न. 9 नोव्हेंबर 1962 रोजी अण्णा गेले. हिंगण्याचे कर्वेनगर झाले, माळ कुठल्या कुठे गेला. झोपडी तेवढी जपली आहे.

संमेलनाला याल तेव्हा सभागृहात शिरण्याआधी तिकडे एक चक्कर टाका. इतक्याशा जागेत वळकट्या, पाटीपुस्तके आणि चूल कशी मावली असेल, ते जरा पाहा.