आई ओलीस, मुलगा राजा

शाहू महाराज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोल्हापूरचे राजर्षी शाहू येतात. पण त्यांच्या कितीतरी आधी साताऱ्याला थोरले शाहू महाराज होऊन गेले. शिवाजी महाराजांचे नातू, संभाजीराजे आणि येसूबाईंचे चिरंजीव. शाळेत त्यांची ओळख होते ती बहुतेक पेशव्यांच्या धड्यात, एखाद-दुसऱ्या ओळीत. मला मात्र त्यांच्या आयुष्यात आपल्या घरांतली दुखणी दिसतात.

मैत्रिणींनो, नवी मुंबईहून गोवा रस्त्याने कोकणात उतरताना माणगाव लागतं ना, त्याच्याजवळच्या गांगवलीला १८ मे १६८२ रोजी शाहूंचा जन्म झाला. पोर जेमतेम सात वर्षांचं होतंय तोवर वडिलांना औरंगजेबाने पकडून हालहाल करून मारलं. रायगडाला मोगलांचा वेढा पडला. येसूबाईंनी तेव्हा जे केलं ते वाचून मी आजही थक्क होते. स्वतःचा मुलगा समोर असताना त्यांनी कारभार धाकटे दीर राजाराम यांच्या हाती दिला आणि त्यांना गडाबाहेर जाऊ दिलं. सगळे एकाच जागी सापडले तर राज्यच संपेल, हा त्यांचा हिशेब. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि मायलेक कैद झाले.

ही कैद एका कोठडीतली नव्हती. बादशहाची छावणी हिंडेल तिकडे यांनी जायचं. शाहूंना सात हजारांची मनसब दिली होती, राजा म्हणत होते, पण पहारा सुटला नाही. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने मायलेकांवर माया केली, हेही सांगायला हवं. आपल्या माणसांपासून दूर, शत्रूच्या घरी वाढलेलं हे मूल. शत्रूच्याच घरातल्या एका बाईने त्याला जीव लावला!

१७०३ मध्ये धर्म बदलण्याचा घाट घातला गेला. शाहूंच्या ऐवजी सरसेनापती प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी, खंडेराव आणि जगजीवन यांनी, मुसलमान होणं पत्करलं आणि शाहू वाचले. एकवीस वर्षांच्या मुलाने हे ओझं कसं पेललं असेल? आपल्यासाठी दुसऱ्याच्या लेकरांनी किंमत मोजली, हे माणूस विसरू शकतो का? मला नाही वाटत.

१७०७ साली औरंगजेब गेला. मे महिन्यात त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंना सोडलं, पण येसूबाई, पत्नी सावित्रीबाई आणि सावत्र भाऊ मदनसिंग यांना ओलीस ठेवून घेतलं. म्हणजे राज्याकडे निघायचं तर आईला मागे टाकूनच. वाटेत खुलताबादला जाऊन त्यांनी औरंगजेबाच्या कबरीचं दर्शन घेतलं. वडिलांच्या मारेकऱ्याची ही कबर! याबद्दल त्यांना नावं ठेवणारे आहेत. मी ठेवत नाही. ज्याची आई मोगलांच्या ताब्यात आहे, त्याला आपल्या रागाची चैन परवडत नाही.

याच प्रवासात मराठवाड्यातल्या पारद गावाशी चकमक झाली आणि गावचा पाटील मारला गेला. त्याच्या बायकोने आपलं तान्हं मूल शाहूंच्या पायावर आणून घातलं. शाहूंनी ते उचललं, फत्तेसिंग नाव ठेवलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. अक्कलकोटचं राजघराणं ते याच फत्तेसिंगांचं.

घरी मात्र स्वागत करायला कोणी उभं नव्हतं. काकू महाराणी ताराबाई तेव्हा अवघ्या बत्तीस वर्षांच्या, पुतण्या पंचविशीचा. हंबीरराव मोहित्यांची ही लेक जिंजीच्या परमुलखातले दिवस काढून आलेली, पंचविशीत विधवा झालेली. लहानग्या मुलाला गादीवर बसवून सात वर्षं तिने औरंगजेबाला झुंजवलं होतं. तिचं म्हणणं असं, की संभाजीराजांचं राज्य मोगलांनी घेतलं, नंतरचं राज्य माझ्या नवऱ्याने आणि मी उभं केलं, त्यावर पुतण्याचा हक्क कसला? आलेला शाहू तोतया आहे असंही तिने उठवलं. सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या. ही शेवटची गोष्ट मला आवडत नाही, पण तिचं पहिलं म्हणणं खोटं होतं असं कोण म्हणेल?

कोपरखैरणे-घणसोली भागात मी बायकांचे बचत गट चालवते. आमच्या निम्म्या बायका माथाडी कामगारांच्या घरातल्या, गाव साताऱ्याकडचं. जमिनीवरून भावकीत फाटलेली घरं आम्ही नेहमी पाहतो. मुंबईला गेलेला एक, गावी राबलेला एक. राबलेला म्हणतो माझं, गेलेला म्हणतो वडिलांचं. दोघांचंही खरं असतं, म्हणून तर ते मिटत नाही.

ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला लढाई झाली. धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडं फिरलं. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याकडे गेल्या. मोगलांनी या भांडणाचा फायदा उठवला नसता तरच नवल. १७०९ मध्ये सनदा मागायला गेल्यावर नवा बादशहा बहादूरशहा याने आधी आपसात निकाल लावा असं सांगून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पुढे १७१४ मध्ये सवत राजसबाईने ताराबाईंना मुलासकट कैदेत टाकलं. मुलगा कैदेतच वारला.

इकडे शाहू राजा झाले, पण आई दिल्लीला. बाळाजी विश्वनाथ पेशवे सैन्य घेऊन दिल्लीला गेले, १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. इतिहासाची पुस्तकं त्या सनदांबद्दल पानंच्या पानं लिहितात. मला त्याच वेळी सुटलेल्या येसूबाई दिसतात. जुलै १७१९ मध्ये त्या साताऱ्याला पोचल्या. कैद झाल्या तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, आता सदतीस वर्षांचा होता. जवळजवळ तीस वर्षं परक्यांच्या पहाऱ्यात, त्यातली शेवटची बारा लेकराविना. सनदांची किंमत रुपयांत सांगता येते, या बारा वर्षांची कशी सांगायची?

पुढे कोल्हापूरच्या संभाजीशी, म्हणजे राजसबाईच्या मुलाशी, एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह झाला आणि दोन घरांच्या हद्दी ठरल्या. त्याच सुमारास ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या. सूड उगवायचा तर हीच वेळ होती. पण शाहूंनी काकूला साताऱ्यातच नेऊन ठेवलं. स्वभाव गप्प बसण्याचा नव्हता, तरी राहू दिलं. शाहूंना मुलगा वाचला नाही. शेवटच्या दिवसांत वारस कोण हा प्रश्न आला, तेव्हा आपला एक नातू लपवून वाढवलेला आहे असं सांगत ताराबाईच पुढे आल्या. त्याच रामराजाला दत्तक घेतलं गेलं. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले. ताराबाई त्यानंतर बारा वर्षं जगल्या.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. शाहूंची समाधी तिथे आहे, ताराबाईंचीही तिथेच. येसूबाईंची समाधीही तिथलीच मानतात.