दाढेची वेदना थोपवणारे डॉ. हॅल्स्टेड

खालची दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य जबड्याच्या आतल्या बाजूला, अगदी मागे, सुई टोचतात. काही मिनिटांत अर्धा ओठ बधिर होतो आणि दाढ काढतानाही वेदना जाणवत नाही. ही पद्धत रूढ करणारे अमेरिकन शल्यविशारद डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांना त्या शोधाची किंमत मात्र जन्मभर मोजावी लागली.

हॅल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्क येथे एका सधन कुटुंबात झाला. १८७७ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते युरोपात शिकले आणि परतल्यावर अल्पावधीतच निष्णात शल्यविशारद म्हणून नावारूपाला आले. सप्टेंबर १८८४ मध्ये एक वार्ता जगभर पसरली. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी दाखवून दिले होते. हॅल्स्टेड यांनी त्यापुढचा विचार केला. हे औषध थेट मज्जातंतूजवळ सोडले, तर त्या तंतूच्या अखत्यारीतील सारा भाग बधिर व्हायला हवा. सहकारी रिचर्ड हॉल यांच्यासह त्यांनी, खालच्या दातांचा मज्जातंतू जबड्याच्या हाडात शिरतो तेथे सुई टोचली. त्या बाजूचे खालचे दात एकदम बधिर झाले.

हे कसे घडते, याचा उलगडा पुढे झाला. वेदनेचा संदेश मज्जातंतूतून विद्युतलहरीच्या रूपाने धावतो. त्यासाठी तंतूच्या आवरणातील सूक्ष्म द्वारांतून सोडियमचे कण आत शिरावे लागतात. बधिरीकरणाचे औषध ती द्वारेच अडवते. इजा होते, पण तिची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचत नाही. औषध रक्तावाटे निघून गेले की संवेदना परतते.

कोकेनचे व्यसन जडते, याची तेव्हा पुरेशी जाणीव नव्हती. हॅल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोग स्वतःवर केले आणि ते त्या विळख्यात सापडले. काहींचे आयुष्य त्यातच संपले. १८८६ मध्ये हॅल्स्टेड यांना प्रॉव्हिडन्सच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेथील उपचारांत कोकेनची जागा मॉर्फिनने घेतली आणि ती सवय अखेरपर्यंत सुटली नाही.

मित्र डॉ. विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आणून आधार दिला. १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते मुख्य शल्यविशारद झाले. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे त्यांच्यामुळे रुळले आणि शल्यविशारद घडवण्याची निवासी प्रशिक्षणपद्धती त्यांनीच उभी केली. कमालीचे मितभाषी असलेल्या या गुरूचे गुपित मोजक्याच जणांना ठाऊक होते. त्यांचे सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांनी मोहोरबंद ठेवलेल्या टिपणांतून ते १९६९ मध्ये उघड झाले.

१९२२ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. दंतोपचारांतील कोकेनची जागा तोवर जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड आइनहॉर्न यांच्या नोव्होकेनने घेतली होती. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले. आज दंतवैद्याच्या सुईत कोकेन नसते, पण सुई टोचण्याची जागा हॅल्स्टेड यांनी दाखवलेलीच आहे.