करवीरचा दुर्दैवी राजा

शिवाजी हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे रायगड उभा राहतो. परंतु त्याच नावाचा आणखी एक राजा कोल्हापूरच्या गादीवर होऊन गेला आणि विसाव्या वर्षी किल्ल्यात नजरकैदेत मेला. त्याचे नाव चौथे शिवाजी महाराज.

त्यांचा जन्म १८६३ सालचा. मूळ नाव नारायणराव. करवीरचे राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांना पुत्र नव्हता, म्हणून १८७१ मध्ये नारायणराव दत्तक आले. राजा अज्ञान, त्यामुळे कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालला.

१८७५ साली इंग्लंडचे युवराज मुंबईस आले. त्या दौऱ्यात बारा वर्षांच्या या राजाच्या हातून त्यांना एक तलवार नजर करण्यात आली. ती थोरल्या महाराजांची 'जगदंबा' होय, असे मानले जाते. दसऱ्याला आपण कोयता-विळ्यालाही हळदकुंकू वाहतो. मग छत्रपतींच्या घरची तलवार म्हणजे देवच. अज्ञान मुलाच्या हातून अशी वस्तू गेली, तर तिला भेट म्हणावे की आणखी काही?

आफ्रिकेतील बेनिनच्या एडो लोकांवरही असाच प्रसंग आला. तेथे राजपूर्वजांच्या वेदीवर पितळी मस्तके मांडीत आणि त्यांवर नक्षीने कोरलेले हस्तिदंत उभे करीत. १८९७ मध्ये इंग्रज फौजेने नगर जिंकले व ते हस्तिदंत लुटून नेले. राजा ओव्होन्राम्वेन हद्दपारीतच १९१४ साली वारला. तिथे उघड लूट झाली, इथे नजराणा झाला. देवघर मात्र दोन्हीकडे रिकामे झाले.

पुढे महाराजांना वेड लागल्याचे सरकारने ठरविले. त्यांचा छळ होतो, अशी वार्ता पुण्यास पोहोचली. पंचविशीतील टिळक आणि आगरकर यांनी 'केसरी' व 'मराठा' पत्रांतून दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. बर्व्यांनी खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारे लेख लिहिले ती बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले.

पत्रे खोटी होती, हे मान्यच केले पाहिजे. पण राजाविषयीची काळजी खोटी ठरली नाही. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. सभोवार पहारा असताना राजा असा मरतो, मग रक्षण कोणाचे चालले होते?

त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हा मुलगा दत्तक घेतला. तेच राजर्षी शाहू. त्यांनी वसतिगृहे काढली, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशा हजारोंना त्यामुळे वाट सापडली.

शाहूंचे नाव आपण अभिमानाने घेतो. ज्याच्या रिकाम्या गादीवर ते आले, त्या विशीतल्या राजाची आठवण मात्र कोणी काढीत नाही. तलवार परत यावी, अशी मागणी आपण अवश्य करावी. पण ती ज्याच्या हातून गेली, त्या पोरक्या मुलालाही इतिहासात त्याची जागा परत द्यावी.