गोरिलांच्या कैवारी

मध्य आफ्रिकेत काँगो, रुआंडा आणि युगांडा या तीन देशांच्या सीमा जेथे एकत्र येतात, तेथे विरुंगा नावाची ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. दाट धुके, वारंवार कोसळणारा पाऊस आणि अंगाला झोंबणारी थंडी हे तेथील नित्याचे हवामान. या पर्वतांवरील अरण्यात गोरिला राहतात. गोरिला हा बिनशेपटीचा प्रचंड वानर होय. प्रौढ नराचे वजन दीडशे किलोग्रॅमच्या वर भरते आणि त्याच्या पाठीवरील केस रुपेरी होतात. वस्तुतः हा प्राणी शांत स्वभावाचा असून पाला, कोंब व देठ खाऊन जगतो. परंतु छाती बडवीत अंगावर धावून येणारा क्रूर पशू, अशीच त्याची ख्याती जगभर पसरली होती. हा गैरसमज दूर करण्यासाठी आणि या प्राण्याला विनाशापासून वाचविण्यासाठी एका स्त्रीने आपले आयुष्य वेचले. तिचे नाव डायान फॉसी.

डायान यांचा जन्म 16 जानेवारी 1932 रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. प्राण्यांची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. शिक्षण संपल्यावर त्या लुईव्हिल येथे अपंग मुलांच्या रुग्णालयात काम करू लागल्या. आफ्रिका पाहण्याची मात्र त्यांना अनिवार इच्छा होती. अखेर 1963 साली कर्ज काढून त्या आफ्रिकेत गेल्या. तेथे प्राचीन मानवाचे संशोधक लुई लीकी यांची भेट झाली आणि पर्वतावरील गोरिलांचे प्रथम दर्शनही घडले. पुढे लीकी यांच्याच प्रोत्साहनाने नोकरी सोडून त्या 1966 च्या अखेरीस गोरिलांच्या अभ्यासासाठी पुन्हा आफ्रिकेत आल्या.

आरंभी त्यांनी काँगोमध्ये तळ ठोकला. पण तेथे बंडाळी माजली आणि काही महिन्यांतच तो सोडावा लागला. तथापि त्या खचल्या नाहीत. 24 सप्टेंबर 1967 रोजी त्यांनी रुआंडाच्या हद्दीत, सुमारे 3,000 मीटर उंचीवर, नवे केंद्र उभारले. कारिसिंबी व विसोके या दोन पर्वतांच्या नावांवरून त्याचे नाव कारिसोके असे ठेवले.

माणसाची चाहूल लागताच गोरिला पळून जात. तेव्हा फॉसीबाईंनी वेगळीच युक्ती योजिली. त्या खाली वाकून, हातांचा आधार घेत चालत. गोरिलांसारखा पाला चघळीत. त्यांच्यासारखेच समाधानाचे हुंकार काढीत. नाकावरील सुरकुत्यांवरून त्या प्रत्येक गोरिला ओळखू लागल्या. हळूहळू भीती ओसरली आणि 1970 साली पीनट्स नावाच्या एका तरुण नराने आपण होऊन त्यांच्या हाताला स्पर्श केला. तीन वर्षांच्या धीराचे ते फळ होते.

परंतु गोरिलांवरील संकट वाढत होते. शेतीसाठी अरण्य तोडले जात होते. हरणांसाठी लावलेल्या फासांत गोरिलांचे हातपाय अडकून त्यांना जखमा होत. प्राणिसंग्रहालयांसाठी एखादे पिल्लू पकडायचे, तर त्याच्या रक्षणार्थ धावून येणारी वडीलधारी जनावरे मारली जात. 1960 च्या सुमारास विरुंगात अंदाजे साडेचारशे गोरिला होते. 1981 च्या गणनेत ते जेमतेम अडीचशे उरले होते.

31 डिसेंबर 1977 रोजी फॉसीबाईंचा अत्यंत लाडका गोरिला डिजिट आपल्या कळपाचे रक्षण करताना शिकाऱ्यांच्या हातून मारला गेला. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. डिजिटच्या नावाने निधी उभारून त्यांनी पहारेकरी नेमले आणि सहकाऱ्यांसह शेकडो फासे नष्ट केले. शिकाऱ्यांशी त्या अतिशय कठोरपणे वागत. त्यामुळे अनेकांशी त्यांचे वैर जडले. डोंगराखालील माणसांची गरिबी व गरज ध्यानी न घेता केवळ धाकाने अरण्य राखता येणार नाही, असे त्यांच्या काही सहकाऱ्यांनाही वाटे. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे मात्र गोरिलांची दैना जगापुढे आली.

1985 च्या डिसेंबरात, नाताळानंतर एक-दोन दिवसांतच, कारिसोके येथील झोपडीत फॉसीबाईंची हत्या झाली. त्यांच्या लाडक्या डिजिटशेजारीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांच्या पश्चात हे कार्य थांबले नाही. पहारेकरी रोज गोरिलांचा माग काढू लागले, पशुवैद्य जखमी जनावरांवर उपचार करू लागले आणि गोरिला पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांपासून मिळणाऱ्या पैशाचा काही वाटा आसपासच्या गावांना मिळू लागला. 2015-16 च्या गणनेत विरुंगातील गोरिलांची संख्या 604 भरली. युगांडातील ब्विंडी अरण्यातील गोरिला धरून 2018 मध्ये ती हजारावर गेल्याचे जाहीर झाले. तरीही फासे, माणसांपासून जडणारे रोग आणि अरण्याची मर्यादित जागा ही संकटे टळलेली नाहीत.

नष्ट होऊ घातलेली एक जात पुन्हा वाढीस लागली, ही दुर्मिळ गोष्ट होय. तिचा आरंभ धुक्यात तासन्‌तास निश्चल बसून, एका मुक्या प्राण्याचा विश्वास संपादन करणाऱ्या एका स्त्रीच्या धीरात होता.